कोचीच्या तीन वाटा आणि अम्मीची खिडकी

पुण्याहून कोचीला, म्हणजे रेल्वेच्या भाषेत एर्नाकुलमला, आगगाडीने जायचं तर तीन वाटा आहेत. पहिली लोणावळ्याचा घाट उतरून पनवेलला जाते आणि कोकण रेल्वेने रत्नागिरी, मडगाव, मंगळूर असा किनारा धरते. दुसरी मिरज, बेळगाव, लोंढा करत दूधसागरच्या घाटातून गोव्यात उतरते आणि मडगावला पहिलीला येऊन मिळते. तिसरी भलत्याच दिशेने निघते. सोलापूर, वाडी, रायचूर, गुंटकल, कडप्पा, काटपाडी, सेलम, कोइम्बतूर असा दख्खनचा मोठा वळसा घेऊन ती पालघाटच्या खिंडीतून केरळात शिरते. स्लीपरच्या भाड्यात घर बुडेल असा फरक नाही. त्यामुळे आपल्याकडची बहुतेक कुटुंबं ज्या गाडीचं तिकीट पक्कं मिळेल तिने जातात, आणि आम्हीही एरवी तेच केलं असतं.

धाकटे भाऊ दोन वर्षांपासून नोकरीनिमित्त कोचीला आहेत. दर सुट्टीला बोलावत होते, दर सुट्टीला काहीतरी निघत होतं. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत जायचंच ठरलं, कारण अम्मीच्या डोळ्यांचे डॉक्टर तपासणीनंतर सहज म्हणाले, "यांना कुठे फिरायला न्यायचं मनात असेल तर पुढे ढकलू नका."

अम्मीला काचबिंदू आहे. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून पुन्हा लख्ख दिसायला लागेल, असं या आजारात होत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस दुखावते, आणि जितकी नजर गेली ती परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे. बहुधा नजर आधी बाजूंनी जाते, मधली राहते. म्हणून अम्मी उर्दू वर्तमानपत्र अजून वाचते, सुईत दोरा ओवते, आणि स्वयंपाकघरातून बाहेर येताना टेबलाच्या कोपऱ्यावर आपटते. घरातल्यांनासुद्धा हे फार उशिरा समजलं. वाचता येतंय म्हणजे डोळे चांगले, अशीच सगळ्यांची समजूत होती. वाचकांपैकी कोणाच्या घरात वडीलधारी माणसं अशी आपटत असतील, तर चश्म्याचा नंबर तपासून थांबू नये. डोळ्यांचा दाब आणि बाजूची नजरही तपासून घ्यावी.

तर प्रश्न असा होता की अशी नजर घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसाला कोणती वाट दाखवावी?

घरात तीन मतं पडली. आठवीतल्या मुलाला दूधसागर हवा होता. त्याने शाहरुख खानच्या २०१३च्या सिनेमात तो धबधबा पाहिलेला, आणि आगगाडी त्याच्या समोरून जाते यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता. कॉलेजातली मुलगी आणि मुलांची आई कोकण रेल्वेच्या बाजूने होत्या, कारण अम्मीचं माहेर राजापूरच्या बाजूला. अम्मी लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतची ७४१ किलोमीटरची सगळी लाइन १९९८ साली सुरू झाली, तोवर तिचे आईवडील गेले होते, माहेरचं घर भावकीत वाटलं गेलं होतं. आपल्याच मुलखातून ती कधी आगगाडीने गेली नव्हती. आम्हाला वाटलं, प्रश्न सुटला. दादीला कोकण दाखवायचं.

आमचं स्वतःचं मत सोलापूरकडे झुकत होतं. त्याचं एक कारण अब्बा. ते सोलापूरचे, आणि लहानपणी त्यांच्याबरोबर त्या लाइनीवर आम्ही पुष्कळ फिरलो. पण दुसरं कारण अम्मीच्या डोळ्यांचं होतं, आणि ते जरा सविस्तर सांगतो.

सुंदर रस्ता कोणता असं विचारलं की लोक नकाशावरची रेघ दाखवतात, घड्याळ कोणी दाखवत नाही. पुण्याहून पनवेलमार्गे थेट एर्नाकुलमला जाणारी गाडी संध्याकाळी सुटते. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळं कोकण रात्रीत जातं. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली झोपेत, आणि डोळे उघडतात ते गोव्याच्या आसपास. ज्या कोकणासाठी ही वाट धरायची तेच अंधारात. शिवाय कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. काचबिंदूच्या माणसाला उजेडातून अंधारात आणि अंधारातून उजेडात आलं की डोळे जुळवून घ्यायला वेळ लागतो. आपल्याला दोन सेकंद लागतात, अम्मीला मिनिट-दोन मिनिटं. तोवर दुसरा बोगदा. अरुंद झालेल्या नजरेला खिडकीजवळून भरकन जाणारी झाडं आणि दरडी तर दिसतच नाहीत, नुसती झुळझुळ होते.

याउलट सोलापूरची लाइन. या वाटेला "बघण्यासारखं काही नाही" असं ज्याला त्याला म्हणायची सवय आहे. पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी रोजची गाडी रात्री उशिरा निघते. सोलापूर पहाटेच्या आत जातं, आणि उजाडतं ते वाडीच्या सुमाराला. मग दिवसभर रायचूर, गुंटकल, कडप्पा. कृष्णेचं रुंद खडकाळ पात्र, पुढे तुंगभद्रा, काळ्या मातीतला कापूस, मग लाल मातीतला भुईमूग, आणि मधेच कोणी गोट्या रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या धोंड्यांचे डोंगर. असा एक डोंगर दिसला की दहा-दहा मिनिटं खिडकीत राहतो. लांबचं, मोठं, सावकाश सरकणारं. अम्मीच्या नजरेला हेच झेपेल असं आमचं गणित होतं. मात्र पालघाटची खिंड, जिथे सह्याद्रीची भिंत तीस-चाळीस किलोमीटर तुटलेली आहे, ती या गाडीला पहाटेच्या अंधारात येते. तिन्ही वाटांमध्ये अंधाराचा असा वाटा होताच.

आणि दूधसागरची वाट? पुण्याहून मिरज-लोंढामार्गे एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते. ती रात्री उशिरा निघते, त्यामुळे सातारा, सांगली, मिरज रात्रीत जातात आणि घाट सकाळी येतो. दुपारी मडगाव, आणि मडगावपासून मंगळूरपर्यंतचा किनारा उरलेल्या उजेडात. घड्याळाच्या हिशेबाने तिघींत हीच सगळ्यांत शहाणी.

आम्ही हे सगळं वहीच्या पानावर तीन रकाने आखून मांडलं. मास्तरकी आहे, सुटत नाही. जिथे उजेड तिथे पिवळी पेन्सिल, जिथे रात्र तिथे काळी. रात्री जेवणानंतर ते पान अम्मीपुढे ठेवलं. तिने ते डोळ्यांजवळ धरून, नंतर लांब धरून पाहिलं आणि विचारलं, "मला विचारताय की सांगताय?"

मग म्हणाली, "कोकण काय दाखवणार मला? ते डोळे मिटले तरी दिसतं. सोलापूरला तुमच्या अब्बांबरोबर उभं-आडवं फिरले. जे पाहिलेलं नाही ते आधी दाखवा. हे पाणी काय पडतंय म्हणतोय ना हा पोरगा, तिकडे चला."

आमच्या गणितात हा आकडा नव्हताच. आम्ही तिघेही तिला काय आठवेल, काय झेपेल याचा विचार करत बसलो होतो. बहात्तर वर्षांच्या बाईला काही नवीन बघायचं असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

कोकण मात्र मुलीने सोडलं नाही. तिने परतीच्या गाड्या शोधल्या. तिरुवनंतपुरमहून मुंबईला येणारी नेत्रावती एक्सप्रेस एर्नाकुलमला दुपारी मिळते. गोवा मध्यरात्रीनंतर जातो आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा भाग सकाळी येतो. म्हणजे एकाच गाडीची जातानाची आणि येतानाची बाजू वेगळी असते. जाताना काळं पडणारं कोकण येताना पिवळं झालं. जाताना पूर्णा, येताना नेत्रावती आणि पनवेलहून पुण्याला एसटी, असं ठरलं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालवतात आणि वेळा तासातासाने सरकतात. ते संपल्यानंतरच्या तारखा आम्ही धरल्या. वेळापत्रकं अधूनमधून बदलतात, तेव्हा आमच्यावर विसंबून न राहता निघण्याआधी ताजं वेळापत्रक पाहावं.

तिकिटाबद्दल दोन गोष्टी. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांसाठी खालचे बर्थ वेगळे राखलेले असतात, पण एकट्याने किंवा त्याच अटीत बसणाऱ्या दोघांनी एका तिकिटावर प्रवास केला तरच. पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं की तो हक्क जातो आणि म्हाताऱ्या माणसाच्या नशिबी मधला बर्थ येऊ शकतो. मुलांची आईही पंचेचाळिशी ओलांडलेली, म्हणून त्या दोघींचं तिकीट वेगळं काढलं आणि आमचं तिघांचं वेगळं. दुसरी गोष्ट, आम्ही मुद्दाम साधा स्लीपर घेतला. एसीच्या डब्याची काच जाड, रंगीत आणि बाहेरून धुळीने माखलेली असते. चांगल्या डोळ्यांनाही तिच्यातून हिरवं करडं दिसतं. ज्यांना फक्त पोहोचायचं आहे त्यांनी खुशाल एसीने जावं.

थेंबांची बाटली थंड राहावी म्हणून लहान थर्मास घेतला. जेवणाला भाकरी, सुकं मटण, लसणाची चटणी, उकडलेली अंडी. रात्री पुण्याहून निघालो आणि मिरज कधी गेलं कळलंही नाही.

बेळगाव मागे पडलं तेव्हा उन्हं आली होती. लोंढ्याच्या पुढे झाडं दाट व्हायला लागतात. तिनईघाट, मग कॅसलरॉक. स्टेशन छोटंसं, पण १९६१च्या डिसेंबरात गोवा मोकळा होईपर्यंत ही सरहद्द होती. अलीकडे हिंदुस्थान, पलीकडे पोर्तुगीजांचा मुलूख. प्रवाशांचं सामानसुमान इथे उघडून तपासत. ही लाइन १८८०च्या दशकात मुरगाव बंदरासाठी बांधली. तेव्हा ती मीटरगेज होती, १९९०च्या दशकात रुंद झाली. मुलाला आम्ही हे सांगत होतो आणि तो मान डोलावत खिडकीबाहेर बघत होता. वर्गातही असंच असतं.

कॅसलरॉकहून खाली कुळेपर्यंतचा उतार साधारण २६ किलोमीटरचा, आणि चढण सदतीसाला एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट खाली जाते. चालताना हे काहीच वाटणार नाही, पण रेल्वेला हा फार मोठा उतार. लोणावळ्याच्या बोरघाटातही एवढीच आहे. म्हणून गाडी जादा इंजिनं लावून, ब्रेक दाबत अगदी सावकाश उतरते. इथे आमच्या गणितातलं एक कलम आपोआप सुटलं. नजरेला वेळ मिळत होता. बोगदे इथेही आहेत, पण आखूड. अम्मीने एक युक्ती काढली. इंजिनाचा भोंगा बोगद्यात घुमला की ती ओढणी डोळ्यांवर घ्यायची आणि बाहेर पडलो की हळूच काढायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. नंतर डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, चांगलं केलंत.

दूधसागर पहिल्यांदा दिसला तो कानाला. डब्यात एकदम गलका झाला, माणसं एका बाजूला धावली. आम्हाला भीती वाटली की अम्मीला काहीच दिसायचं नाही, कारण बाजूने येणारी वस्तू तिला समजतच नाही. मुलाने तिची हनुवटी धरून तोंड फिरवलं. "दादी, वर नको, समोर. आता."

धबधबा तीनशे मीटरच्या वर उंच आहे. रेल्वेचा पूल त्याच्या साधारण मध्यावरून जातो. वर बघावं तर पाणी कोसळतंय, खाली बघावं तर तेच पाणी पुलाखालून दरीत चाललेलं. दिवाळीनंतरचं पाणी, पावसाळ्यातलं दांडगं रूप नव्हतं, पण खडकावर चार-पाच पांढऱ्या धारा सुट्या सुट्या दिसत होत्या. तुषार खिडकीतून आत येत होते. अम्मीने गजांतून हात बाहेर काढला. एवढी उंच गोष्ट तिच्या अरुंद नजरेत एकदम मावली असेल असं वाटत नाही. तिने नजर वरून खाली अशी नेली, जसं उभं लिहिलेलं काही वाचावं. मग गाडी वळणाने पलीकडच्या डोंगरावर गेली आणि दरीपलीकडून पुन्हा अख्खा धबधबा दिसला, लांब, शांत, आवाजाशिवाय. ती म्हणाली, "आता दिसला." आमच्या मते दूधसागर बघायचा तो इथूनच. पुलावर गर्दी, आरडाओरडा आणि मोबाइल यांत ते क्षण निघून जातात. रुळांवरून चालत धबधब्यापर्यंत जायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. दारात लोंबकळणाऱ्या पोरांकडे बघून तर पोटात गोळा येतो.

मडगावला एक बाई चढल्या, मंगळूरला मुलीकडे निघालेल्या, मूळच्या भटकळच्या. डोक्यावरचा पदर, बोलायची लकब, हातातला डबा यावरून अम्मीने त्यांना लगेच आपलं मानलं. भटकळचे नवायत मुसलमान घरात नवायती बोलतात, ती कोकणीच्या जवळची बोली. अम्मी आपल्या राजापूरकडच्या कोकणीत बोलायला लागली, त्या आपल्या नवायतीत. थोडं कळत होतं, थोडं नाही. मासळीची नावं जुळली, नात्यांची बरीच जुळली, आणि जिथे अडलं तिथे उर्दू मदतीला आली. त्या बाईंनी डब्यातून तांदळाच्या पिठाचं काहीतरी गोड दिलं, नाव दोनदा विचारूनही आमच्या ध्यानात राहिलं नाही.

कारवारची काळी नदी आणि होन्नावरची शरावती या दोन्ही पुलांवर अम्मी गप्प झाली. शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरच्या वर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. पाणी रुंद, त्यात नारळांची बेटं, आणि सगळं उन्हात स्थिर. हीच तिच्या नजरेची जागा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोकण रेल्वे समुद्राकाठाने जाते असं म्हणतात, पण समुद्र फार क्वचित दिसतो. दिसतात त्या नद्या आणि खाड्या, आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त सुंदर आहेत. उजवीकडे पश्चिम, त्यामुळे नमाजसाठी दिशा शोधावी लागली नाही. घाटात मात्र गाडी इतकी वळत होती की मुलगी मोबाइलमधलं होकायंत्र बघून हसत होती. अम्मीने बसल्या जागी फजर पढून घेतली होती, तिला त्यात काही अडचण वाटली नाही.

कोचीच्या आठ दिवसांबद्दल इथे लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे.

परतीची गाडी दुपारची. शोरणूरनंतर भारतपुळा नदी बराच वेळ सोबत चालते, पांढऱ्या वाळूत पाण्याचे दोन-तीन ओहोळ. डब्यात केळ्याची गरम भजी येत होती. कोळिकोडला हलव्याचे रंगीत चौकोन घेतले, ते पुण्यापर्यंत पुरले नाहीत. मग अंधार, थेंब, झोप.

उजाडलं तेव्हा गाडी सिंधुदुर्गात होती. धुकं होतं. अम्मी आधीच उठून बसली होती. पुढचे चार-पाच तास तिला खिडकीतून फारसं दिसलं नाही, हे सांगायला हवं. आमची भीती खरी होती. दोन बोगद्यांमधली जागा इतकी थोडी की तिने ओढणी काढेपर्यंत दुसरा येई. शेवटी तिने ओढणी तशीच राहू दिली आणि नातवाला म्हणाली, "तू सांग काय दिसतंय."

त्याने सांगितलं, "जंगल."

"कसलं जंगल? झाडं ओळीत आहेत का?"

"हो, ओळीत."

"मग ते जंगल नाही, कलमं आहेत. आंब्याची. पुढे?"

"मैदान. पिवळं गवत. काळे दगड."

"कातळ तो. गवत वाळलं ना? पावसाळ्यात त्यावर फुलं असतात. पुढे?"

"लाल भिंत."

"जांभा."

असं तास-दीड तास चाललं. राजापूर रोड स्टेशन कधी येतंय यावर मुलगी नजर ठेवून होती. राजापूर गाव तिथून बरंच लांब आहे, आणि आमची गाडी तिथे थांबलीही नाही. पाटी सर्रकन गेली. मुलीने "दादी, राजापूर" म्हटलं तेव्हा अम्मीने ओढणी काढली. समोर फलाटाचा शेवट, एक पिंपळ आणि पायरी उतरणारा एक माणूस एवढंच होतं. तिने त्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोणाच्या घरातला असेल?" नंतर पुष्कळ वेळ ती बोलली नाही. मुलांच्या आईने तिच्या हातावर हात ठेवला होता.

रत्नागिरीच्या आधी पानवल नदीवरचा पूल येतो. चौसष्ट मीटर उंच, खाली बघितलं की माडांचे शेंडेसुद्धा लहान दिसतात. मुलाने तो दादीला दाखवला, आणि हा मात्र तिला नीट दिसला, कारण दरी रुंद होती. करबुड्याच्या बोगद्यात तिने मोजायला सांगितलं. मुलाचं मोजणं मधेच चुकलं. चिपळूण, खेड, पुढे नातूवाडीचा लांब बोगदा, माणगाव, रोहा. पनवेलला उतरलो तेव्हा ती थकली होती आणि पाय सुजले होते. एवढा लांब प्रवास एका दमात करण्याऐवजी कोळिकोडला किंवा मंगळूरला एक रात्र उतरलं असतं तर बरं झालं असतं. ज्यांच्या बरोबर वयस्क माणसं आहेत त्यांनी जरूर तसं करावं.

डिसेंबरात तपासणी झाली. दाब आटोक्यात आहे, बाजूची नजर मात्र आणखी थोडी गेली आहे. घरी आल्यावर अम्मीने वहीतलं ते पान मागितलं. तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हे धोंड्यांचे डोंगर राहिले."

आम्ही म्हटलं, मेच्या सुट्टीत जाऊ. लगेच लक्षात आलं की मेमध्ये रायचूर-कडप्पाच्या उन्हात दिवसभर स्लीपरमध्ये बसणं तिला सोसायचं नाही. त्याआधी शाळेला एवढी सलग सुट्टी नाही. "तुझ्या शाळेच्या सुट्टीसाठी माझे डोळे थांबून राहायचे नाहीत," अम्मी म्हणाली. ती रागावून बोलली नव्हती. मुलीची सहामाही परीक्षा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. दोघींचं कन्याकुमारीच्या गाडीचं तिकीट काढलं आहे, अम्मीचं वेगळं, खालच्या बर्थचं, आणि मुलीचं त्याच डब्यात. कोचीला भाऊ स्टेशनवर घ्यायला येतील. डाव्या बाजूची खिडकी चांगली की उजव्या, हे अम्मी रोज विचारते आहे. सकाळचं ऊन पूर्वेकडून डोळ्यांवर येईल आणि दुपारनंतर पश्चिमेकडून, म्हणून आम्ही सांगितलंय की सकाळी उजवीकडे बसा आणि जेवणानंतर शेजारच्या प्रवाशांना विनंती करून डावीकडे या.